नागरिक आणि संगणकाचे दप्तर

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु वसले आहे. संत त्यागराजांची (१७६७–१८४७) समाधी येथे असल्यामुळे संगीतप्रेमींना हे नाव परिचित आहे. तथापि भोवतालच्या खेड्यांचे जीवन मुख्यतः भातशेतीवर चालते, आणि शेतकऱ्याला शासन भेटते ते प्रथम जमिनीच्या नोंदीच्या रूपाने. ही नोंद कोण लिहितो, ती कोणाला वाचता येते आणि चुकली तर ती कोण दुरुस्त करतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तेथील नागरिकाचे स्थान ओळखता येते.

हे प्रश्न संगणकाइतके नवे नाहीत. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इ. स. ९१९ व ९२१ चे शिलालेख उत्तरमेरूर येथे आहेत. ग्रामसभेच्या समित्या निवडताना नावे ताडपत्रांवर लिहून घागरीत टाकावीत आणि एका लहान मुलाने ती काढावीत, अशी पद्धत त्यांत सांगितली आहे. पूर्वीच्या कामाचा हिशेब न देणारा सभासद अपात्र ठरे. निवडीचा अधिकार जमीनधारक, वेदविद्या जाणणाऱ्या पुरुषांपुरताच होता, हे विसरता येत नाही. परंतु नियम दगडावर कोरून सर्वांच्या दृष्टीसमोर ठेवले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

पुढे मराठ्यांच्या राजवटीत तंजावरच्या राजदप्तरातील पुष्कळ कागद मोडी लिपीत लिहिले जात. भोवतालची रयत तमिळ बोलणारी असल्याने हे कागद समजण्यासाठी तिला जाणकार मध्यस्थाची गरज भासे. खेड्यात हिशेब ठेवणारा कणक्कुपिळ्ळै वंशपरंपरेने काम करी. तमिळनाडू सरकारने १९८० मध्ये ही वंशपरंपरागत पदे रद्द केली आणि त्यांच्या जागी ग्राम प्रशासन अधिकारी नेमण्यास आरंभ झाला. दप्तर एका घराण्याच्या हातून सुटले, ही मोठी सुधारणा होती.

आता तेच दप्तर संगणकात गेले आहे. जमिनीचा पट्टा, म्हणजे मालकीचा उतारा, घरबसल्या पाहता येतो. ज्यांना हे साधत नाही त्यांच्यासाठी ई-सेवा केंद्रे आहेत. हेलपाटे वाचले, वेळ वाचला. परंतु नोंद पाहता येणे आणि नोंदीवर अधिकार असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

तंजावर जिल्ह्यातील जमिनीची परंपरागत रचना ध्यानात घेतली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. येथे देवस्थाने, मठ आणि मोठे जमीनमालक यांची जमीन कुळे कसत आली आहेत. कुळाच्या हक्काची नोंद व्हावी म्हणून राज्यात १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तथापि पट्टा मालकाच्या अथवा देवाच्या नावावर असतो. चिखलात उभे राहून रोप लावणाऱ्याचे नाव कागदावर नसेल, तर संगणक त्याला ओळखणार नाही. पूर्वी निदान चावडीत जाऊन वाद घालता येत असे. यंत्रासमोर वाद घालता येत नाही. चुकीची नोंद वेगाने सर्वत्र पोहोचते आणि खरीच वाटू लागते.

याच्या उलट एक प्रयोग महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केला. ‘ई-पीक पाहणी’ या योजनेत शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून आपल्या शेतातील पिकाची नोंद छायाचित्रासह करतो. पूर्वी तलाठ्याच्या लेखणीवर अवलंबून असलेले काम येथे काही अंशी शेतकऱ्याकडे आले. अर्थात ज्याच्याकडे असा फोन नाही, किंवा ज्याच्या शिवारात लहरी पोहोचत नाहीत, त्याची सोय पाहणे हे शासनाचेच कर्तव्य राहते.

नागरिकांची मते मागवण्यासाठी केंद्र सरकारने २६ जुलै २०१४ रोजी ‘मायगव्ह’ हे संकेतस्थळ सुरू केले. कायद्यांचे मसुदे लोकांच्या विचारार्थ निदान तीस दिवस खुले ठेवावेत, असे धोरणही त्याच वर्षी ठरले. परंतु मत मागवणे ही सहभागाची पहिली पायरी होय. त्या मताचे पुढे काय झाले हे कळल्याखेरीज दुसरी पायरी चढता येत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा या बाबतीत उपयुक्त आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने आपले निर्णय घेण्याची पद्धत आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते, आणि निर्णयाची झळ ज्यांना पोहोचते त्यांना त्याची कारणे सांगावयाची असतात. निर्णय माणसाने घेतला की संगणकाच्या आज्ञावलीने, असा भेद या तत्त्वात नाही. म्हणून अर्ज कोणत्या नियमाने नाकारला गेला, हे नागरिकाला त्याच्या भाषेत समजले पाहिजे. न समजणारी आज्ञावली ही आजची मोडीच होय.

तमिळनाडूत ग्रामसभा २०२२ पासून वर्षातून सहा वेळा भरवण्याचे ठरले. गावातील पट्टे, कुळांच्या नोंदी आणि प्रलंबित तक्रारी अशा सभेत मोठ्याने वाचून दाखवल्या, तर संगणकातील दप्तर पुन्हा लोकांच्या डोळ्यांसमोर येईल. उत्तरमेरूरच्या भिंतीवरील अक्षरे हजार वर्षांनंतरही वाचता येतात. आजच्या दप्तराकडूनही अपेक्षा तीच आहे : ते सर्वांना दिसावे, सर्वांना समजावे आणि चुकले तर ज्याचे नुकसान झाले त्याच्या सांगण्यावरून तपासून दुरुस्त व्हावे.