सही करण्याआधी

कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावात मी वाढले. 1965 साली द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा मोठा संप सुरू झाला, तो इथूनच. माझे अपा आणि अमा, म्हणजे वडील आणि आई, दोघंही मेक्सिकोतून आलेले, छाटणी-तोडणीवर जगलेले. 1986 च्या इमिग्रेशन कायद्याने अपांना राहण्याचे कागद मिळाले. अमा नंतर आली, तिला मिळाले नाहीत. मी इथे जन्मले म्हणून नागरिक. अशी घरं आमच्या भागात पुष्कळ आहेत.

कॉलेजला जायचं का, हा प्रश्न आमच्याकडे एकट्या मुलीचा नसतो. दवाखान्यात, बँकेत अमाच्या वतीने बोलणारी मीच होते आणि उन्हाळ्यात मळ्यावर जाऊन चार पैसे आणणारीही मीच. मला पाठवताना घर काय सोडणार होतं, ते मला दिसत होतं. तरीही आज गावातल्या मुलांना अर्ज भरायला मदत करताना मी आधी हेच सांगते की फीचा छापील आकडा पाहून घरी बसू नका. केंद्राची पेल ग्रँट आणि राज्याची कॅल ग्रँट तुमच्यासारख्यांसाठीच आहेत, आणि त्या परत फेडायच्या नसतात.

जपायचं ते पुढे. एप्रिलात एका खासगी कॉलेजचं मदतपत्र आलं. सगळ्या रकमांची बेरीज करून शेवटी भरायची रक्कम शून्य दाखवली होती. अपांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शून्य कळलं. त्यांनी सहीसाठी पेन मागितलं. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मात्र माझ्याबरोबर एकेक ओळ वाचली. ग्रँट आणि शिष्यवृत्ती ही खरी मदत. वर्क-स्टडी म्हणजे काम करून मिळणारा पगार. ऑगस्टमध्ये खोलीचं भाडं भरायला तो हातात नसतो. त्याखाली माझ्या नावाचं कर्ज. आणि सगळ्यात मोठी रक्कम ‘पॅरेंट प्लस’ची, म्हणजे अपांच्या नावावरचं व्याजाचं कर्ज, दरवर्षी नव्याने काढायचं. चार वर्षांचं मिळून ते अपांच्या वर्षभराच्या कमाईच्या वर जात होतं. मुलीसाठी डोळे मिटून सही करायला निघालेल्या बापाला थांबवणं फार कठीण असतं. मी थांबवलं. 2005 साली उघडलेल्या मर्सेडच्या सरकारी विद्यापीठात, हायवे 99 वरून काही तासांच्या अंतरावर, मी गेले.

म्हणून पत्र हाती आलं की कागदावर दोन रकाने पाडा. एकात परत न द्यायचे पैसे, दुसऱ्यात परत द्यायचे. हिशोब चारही वर्षांचा करा. शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी चालू राहते का, त्यासाठी किती गुण टिकवावे लागतात, हे ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल. पाऊस-दुष्काळाने मळ्यावरचं काम तुटलं आणि उत्पन्न घटलं असेल, तर पुरावे जोडून फेरविचाराची विनंती करा. मदत कार्यालयाला तसा अधिकार असतो. मागायला लाजू नका.

अमासारख्या आईबापांबद्दल जरा जास्त सांगायला हवं. पूर्वी फॅफ्सा या केंद्राच्या मदतीच्या अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकाच्या रकान्यात सगळी शून्यं लिहून सहीचं पान टपालाने पाठवत. 2024-25 च्या अर्जापासून पालकालाही स्वतःचं ऑनलाइन खातं लागतं, आणि सुरुवातीला नंबर नसलेल्यांचे कितीतरी अर्ज अडकले. तेव्हा कॅलिफोर्नियाने अशा घरांतल्या नागरिक मुलांनाही राज्याचा ड्रीम ॲक्ट अर्ज, जो एरवी कागद नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतो, भरू दिला. त्यातून राज्याची मदत मिळते, केंद्राची पेल नाही. फॅफ्सातल्या सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यात कुणा दुसऱ्याचा नंबर कधीही लिहू नका, करासाठीचा आयटीआयएनही नको. आईची माहिती सरकारकडे द्यायची की नाही, हा निर्णय तिला विचारल्याशिवाय घेऊ नका. सल्ला इमिग्रेशनच्या वकिलाचा घ्या. शेजारपाजारच्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

घरातल्या धाकट्यालाही आत्तापासून हाताशी घ्या. डॉक्टरांची वेळ घेणं, बँकेचं पत्र वाचणं त्याला शिकवा. मी गेल्यावर अमाला फोनवरून औषधाची चिठ्ठी वाचून दाखवायला सांगायचे, आणि ती अक्षरं लावता लावता रडकुंडीला यायची. हे टाळता येतं.

प्रवेशाची रक्कम साधारण 1 मेपर्यंत भरायची असते. ती भरली की काम संपलं असं समजून आमच्याकडची बरीच मुलं उन्हाळ्यात कॉलेजचे ईमेल उघडतच नाहीत, आणि काहींचा प्रवेश तिथेच सुटतो. दर आठवड्याला पोर्टल उघडा. त्यात आरोग्य विम्याची ओळ शोधा. तुम्हाला मेडी-कॅल हा राज्याचा आरोग्य विमा असेल, तर कॉलेजचा विमा नको असल्याचा अर्ज मुदतीत भरता येतो. तो राहिला तर विम्याची रक्कम फीच्या बिलात चढते.