संत मोनिका : आईचे शब्द लिहून घ्या



संत मोनिका म्हटले की रडणारी आई आपल्या डोळ्यांपुढे येते. मुलाच्या परिवर्तनासाठी त्यांनी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, हे खरेच. पण त्या काय बोलल्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

वक्तृत्वशास्त्राच्या इतिहासात ॲरिस्टॉटल, सिसेरो, क्विंटिलियन अशी पुरुषांचीच नावे येतात. त्या काळी वक्तृत्वाचे शिक्षण मुलांसाठी असे. न्यायालयात वा सभेत स्त्रीला सहसा बोलता येत नसे. म्हणून अलीकडचे अभ्यासक स्त्रियांचा आवाज पत्रांत, प्रार्थनांत, घरातील संवादांत शोधतात. संत मोनिका तिथेच भेटतात.

संत ऑगस्टीन मिलान शहरात वक्तृत्वाचे प्राध्यापक होते. इ.स. ३८६ मध्ये ते काम सोडून ते कासिसियाकुम येथे एका मित्राच्या वाडीवर राहिले. सोबत आई, मुलगा, भाऊ आणि काही शिष्य होते. तिथे चर्चा चालत आणि लेखनिक त्या टिपून घेई.

१३ नोव्हेंबरला, ऑगस्टीन यांच्या वाढदिवशी, विषय निघाला : हवे ते मिळाले की माणूस सुखी होतो का? मोनिका म्हणाल्या, चांगले हवे असेल आणि ते मिळाले, तर सुखी. वाईट हवे असेल, तर मिळूनही दुःखीच. आईने तत्त्वज्ञानाचा गडच सर केला, असे ऑगस्टीन आनंदाने म्हणाले. हाच विचार सिसेरोनेही मांडला होता, हे त्यांनी सर्वांना दाखवून दिले.

पुन्हा एकदा चर्चा चालू असताना मोनिका आत आल्या आणि कुठवर आलात, असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्नही लिहून घ्या, असे ऑगस्टीन यांनी सांगितले. मोनिका संकोचल्या. अशा ग्रंथांत बायकांना कधी घेतात का, असे त्यांनीच विचारले. मुलाने मात्र आग्रह सोडला नाही. आईची भाषा निर्दोष नाही, हे त्यांनी लपवले नाही. आपल्याही उच्चारांना इटलीचे लोक नावे ठेवतात, असे त्यांनी सांगून टाकले. आईचे शहाणपण त्यांना मोलाचे वाटले.

हे शब्द मुलाच्या ग्रंथातून आले आहेत. त्यांवर त्यांचा हात फिरला असेल. तरी ते लिहिले गेले, म्हणून सोळाशे वर्षांनंतर आपण ते ऐकतो.

आपल्या सभांतही भगिनी बोलतात. इतिवृत्तात मात्र ‘महिलांनीही मते मांडली’ एवढेच उरते. अशा इतिवृत्तांवर मीही सही केली आहे. यापुढे कोण बोलले आणि काय बोलले, दोन्ही लिहू या. बोलीभाषेत बोलले असेल, तर तसेच.

२७ ऑगस्टला संत मोनिकांचा सण असतो. त्याआधी हे करून पाहावे.

मननासाठी :
१. माझ्या आईचे वा आजीचे कोणते बोल मला आजही वाट दाखवतात? ते मी लिहून ठेवले आहेत का?
२. माझ्या घरात निर्णयाच्या वेळी कोणाचे बोलणे अर्ध्यावर तोडले जाते?

प्रभू आपल्याला ऐकणारे कान देवो.

आपला धर्मगुरू