सी सोडून पायथन शिकावी का?

प्रश्न : मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात शिकवलेली सी भाषा तिला कळत नाही. पायथनचा क्लास लावावा का? – एक पालक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. भाषा बदलून ही अडचण सुटत नाही. बहुतेक मुलं प्रोग्रॅम पाठ करतात, खरं दुखणं तिथे आहे. तिला एक छोटा प्रोग्रॅम वहीवर चालवायला सांगा. प्रत्येक ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलची किंमत किती झाली, ते लिहायचं. पाच संख्यांच्या अ‍ॅरेची बेरीज करताना लूप ० ते ४ फिरतो. तो ५ पर्यंत नेला, तर सी बाहेरची मेमरी वाचते आणि बहुधा अवाक्षरही काढत नाही. पायथन तिथेच एरर देऊन थांबते. हा फरक तिनं स्वतः करून पाहावा. पॉइंटर समजायला त्याची फार मदत होते.

हार्वर्डच्या सीएस५० या प्राथमिक अभ्यासक्रमातही स्क्रॅचनंतर सी येते, पायथन त्याच्या पुढे. त्याची व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत. पुढे डेटा स्ट्रक्चर्समध्ये पॉइंटर लागतीलच. तेव्हा महिनाभर हा वहीचा सराव होऊ द्या. तोवर क्लासची फी भरू नका.