आठवड्याला एक फोटो : छंदातून पाहायला शिकू या



"मॅडम, घरी आम्ही पोराच्या हातातला मोबाईल काढून घेतोय आणि तुम्ही शाळेतून तोच परत हातात देताय?"

पालकसभेत एका आईने मला हा प्रश्न विचारला. मी सहावी-सातवीच्या मुलांसाठी शनिवारच्या सकाळच्या शाळेत फोटोग्राफीचा छंदवर्ग सुरू केला होता, त्याबद्दल त्या बोलत होत्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. वर्गाच्या पहिल्या वर्षी मी फार मोठी चूक केली होती. एकाच तासात उजेड, चौकट, फोकस असं सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, "आता आठवडाभर हवे तेवढे फोटो काढा." पुढच्या शनिवारी एका मुलाने तीनशेच्या वर फोटो आणले. त्यातले निम्मे सेल्फी. "यातला तुला आवडलेला कोणता?" असं विचारल्यावर तो गॅलरी नुसती वर-खाली सरकवत राहिला. त्याला सांगता येईना. त्याने फोटो काढले होते, पण काही पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. ती पद्धत आज तुमच्यापुढे मांडते. वर्गात करता येते, तशी घरीही करता येते.

चार नियम

१. आठवड्याला एकच आव्हान.

२. एका आव्हानासाठी दहाच फोटो. आपल्या लहानपणी रोलमध्ये ३६ फोटो बसायचे आणि तेवढ्यात सगळी सहल भागवायची असायची, हे मुलांना जरूर सांगा. मोजून मिळालं की माणूस जपून वापरतो.

३. दहातला एकच फोटो शाळेत आणायचा आणि तो का निवडला हे दोन-तीन वाक्यांत वहीत लिहायचं.

४. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा. वेळ वीस मिनिटं. काम झालं की फोन परत मोठ्यांकडे.

या चारांतला तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. बटण कुणीही दाबतं. दहातून एक निवडताना मात्र मुलाला स्वतःच्याच कामाकडे नीट बघावं लागतं आणि कारण द्यावं लागतं. शिकणं तिथे होतं.

फोन नसेल तर?

माझ्या वर्गात चार मुलांच्या घरी एकच फोन होता आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जायचा. म्हणून मी त्यांना पुठ्ठ्याची चौकट करून दिली. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्यायचा आणि मधे काडेपेटीएवढी आयताकृती खिडकी कापायची. एक डोळा मिटून त्यातून बघायचं. डोळ्याजवळ धरली तर खूप दिसतं, हात लांब केला तर थोडंच दिसतं. म्हणजे झूमच झाला की!

ही मुलं आठवडाभर चौकटीतून बघायची, वहीत छोटं चित्र काढायची आणि शनिवारी माझ्या फोनवर फोटो काढायची. महिन्याभरात लक्षात आलं, की कुठे उभं राहायचं हे या चौघांना फोनवाल्या मुलांपेक्षा लवकर ठरवता येतंय. पुढच्या वर्षीपासून पुठ्ठा सगळ्यांनाच सक्तीचा केला. आधी पुठ्ठा, मग फोन.

आठ आठवड्यांची आखणी

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्र दिन. १८३९ साली याच दिवशी फ्रान्समध्ये लुई दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत जगासमोर जाहीर झाली. जूनच्या शेवटच्या शनिवारी सुरुवात केली, की आठवा शनिवार बरोबर १९ ऑगस्टच्या आधीच्या आठवड्यात येतो. त्या दिवशी प्रदर्शन ठेवायचं.

आठवडा १ : उजेड

फोटोग्राफी या शब्दाचं मूळ ग्रीक आहे. अर्थ आहे प्रकाशाने रेखाटणं. म्हणून सुरुवात उजेडापासून. आव्हान असं : स्टीलचा तांब्या, लिंबू किंवा कांदा अशी एकच वस्तू एकाच खिडकीपाशी ठेवायची. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी तिचे फोटो काढायचे. फ्लॅश बंद.

पाऊस असेल तर हिरमुसू नका. ढगाळ आभाळ म्हणजे सूर्यावर टाकलेली मोठी पांढरी चादर. सावल्या मऊ पडतात, चेहरे छान येतात. कडक उन्हात सावलीची कड धारदार होते आणि डोळ्यांखाली काळं पडतं. हा फरक मुलांनी स्वतः शोधायचा, आपण आधी सांगायचा नाही. "खिडकी वस्तूच्या मागे होती की बाजूला?" एवढंच विचारा.

याच आठवड्यात सूचिछिद्र कॅमेरा करता येईल. बुटांच्या खोक्याच्या एका बाजूला सुईने भोक पाडा. समोरची बाजू कापून तिथे तेल लावलेला कागद चिकटवा. अंधाऱ्या खोलीत भोकासमोर थोड्या अंतरावर मेणबत्ती ठेवली, की कागदावर ज्योत उलटी दिसते. विज्ञानाच्या तासाला 'प्रकाश सरळ रेषेत जातो' हे वाक्य पाठ करण्यापेक्षा हे बरं.

आठवडा २ : चौकट

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' चालू करा. पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा येतात आणि नऊ खाने तयार होतात. मुख्य वस्तू मधोमध न ठेवता रेषा जिथे छेदतात तिथे ठेवून बघायची. हा नियम आहे, कायदा नाही. म्हणून पाच फोटो मधोमध ठेवून आणि पाच छेदावर ठेवून काढायला सांगा. काही वेळा मधोमधच चांगला येतो, उदाहरणार्थ देवळाचा दरवाजा किंवा फुलाची रांगोळी.

दुसरी सवय : बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे बघणे. डोक्यातून निघालेला विजेचा खांब, कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली तेव्हाच दिसते. आणि झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा. साध्या फोनमधला झूम चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, म्हणून फोटो फुटतो.

आठवडा ३ : उंची

आपण सगळे फोटो उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढतो. या आठवड्यात ते बंद. एकच वस्तू मुंगीच्या जागेवरून आणि कावळ्याच्या जागेवरून काढायची. मांजर, कोंबडी, रांगणारं बाळ असेल तर खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं. (गॅलरीत, कठड्यावर, गच्चीच्या कडेला चढायचं नाही, हे पालकांनी आधीच बजावावं.)

आठवडा ४ : रेषा आणि नक्षी

पत्र्याच्या पन्हळी, जिन्याच्या पायऱ्या, शेतातल्या सऱ्या, चटईची वीण, केळीच्या पानाच्या शिरा. मुलं हा आठवडा भराभर करतात. गणिताच्या शिक्षकांनी समांतर रेषा आणि सममिती इथेच घ्यावी.

आठवडा ५ : हालचाल

फोटो म्हणजे क्षण, पण तो क्षण केवढा? शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर ते ठरतं. फळ्यावर गणित मांडा. सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने जातेय, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. १/५०० सेकंदात ती जाईल १ सेंटिमीटर. १/२० सेकंदात जाईल २५ सेंटिमीटर. म्हणून पहिल्या फोटोत सायकल जवळजवळ थांबलेली दिसते आणि दुसऱ्यात पुसट होते. अपूर्णांकाला घाबरणारी मुलं हे गणित आपणहून करतात, कारण उत्तर फोटोत दिसतं.

घरचं आव्हान : पागोळ्यांचा फोटो. एकदा दुपारच्या लख्ख उजेडात, एकदा संध्याकाळी अंधारून आल्यावर. दुपारी थेंब सुटे दिसतील, संध्याकाळी त्यांच्या लांब रेघा होतील. उजेड कमी झाला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, हे मुलांना त्यातून कळतं. फोन भिंतीला टेकवून धरायचा, म्हणजे हात हलत नाही. भिजवायचा तर अजिबातच नाही!

आठवडा ६ : काम करणारी माणसं

इथे थोडं थांबते, कारण इथे माझ्या हातून चूक झाली होती.

एका मुलीने सार्वजनिक नळावर कपडे धुणाऱ्या बाईंचा फोटो काढला. उजेड, चौकट, सगळं छान जमलं होतं. मी खूश होऊन तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो आणखी कुठे कुठे गेला. दोन दिवसांनी त्या बाई शाळेत आल्या. म्हणाल्या, "बाई, मला विचारलं का? साडी खोचलेली, केस विस्कटलेले. माझ्या सासरच्यांनी बघितला तो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वर्गासमोर त्यांची माफी मागितली. फोटो सगळ्यांना काढून टाकायला सांगितला, पण किती जणांनी काढला असेल कोण जाणे.

तेव्हापासून तीन पायऱ्या पाळतो. आधी विचारायचं : "काकू, तुमचा काम करतानाचा फोटो काढू का?" मग काढलेला दाखवायचा. आवडला नाही तर त्यांच्यासमोर डिलीट करायचा, तोंड वाकडं न करता. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. आणि कुणाचाही फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, शिक्षकांनीसुद्धा नाही.

गंमत म्हणजे विचारल्यामुळे फोटो बिघडत नाही. आपल्या गल्लीतल्या चांभाराला ओळखायला आपलं मूल दहा मिनिटं बसतं, त्याच्या आरीचं नाव विचारतं, तेवढ्यात तो कॅमेरा विसरून कामाला लागतो. चेहरा नको असेल तर नुसते हात. पिठाचे हात, ग्रीसचे हात, शिवणयंत्रावरचे हात.

या आठवड्यात होमाई व्यारावाला यांची ओळख करून द्या. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांनी सुरुवात केली ती मुंबईतल्या रोजच्या जगण्याच्या आणि मैत्रिणींच्या फोटोंपासून. सुरुवातीचे त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. मुलींना हे आवर्जून सांगा.

आठवडा ७ : पाच फोटोंत गोष्ट

विषय छोटा घ्या : 'आमच्याकडे भाकरी कशी होते', 'दप्तर भरणं', 'आजोबांची सायकल'. पहिला फोटो लांबून, म्हणजे जागा कळते. दुसरा मधल्या अंतरावरून, माणूस कळतो. तिसरा अगदी जवळून. चौथा कृतीचा. पाचवा शेवटचा. मराठीच्या तासाला निबंधात मुद्दे मांडतो, तसंच हे. ज्यांना पेनने पाच ओळी जड जातात, ती मुलं पाच फोटोंवर तोंडी भरभरून बोलतात. बोललेलं लगेच लिहून घ्या, निबंध तयार!

आठवडा ८ : प्रदर्शन

प्रत्येकाचा एक फोटो, पोस्टकार्डाएवढी प्रिंट. वर्गात सुतळी बांधायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावायचे. खाली मुलाच्या अक्षरातली दोन वाक्यं. बक्षीस नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. ज्यांचे फोटो काढले त्या माणसांनाही बोलवा आणि त्यांची प्रिंट त्यांना भेट द्या.

तपासायचं कसं?

गुण देऊ नका. तीन प्रश्न विचारा : तू काय पाहिलंस? तू कुठे उभा होतास? पुन्हा काढलास तर काय बदलशील? शिक्षकाने एक जमलेली गोष्ट सांगायची आणि एकच पुढची. "छान" एवढंच म्हणून फोन परत दिला, तर मूल पुढच्या आठवड्यात तसाच फोटो आणतं.

पालकहो, तुमच्यासाठी एक विनंती. आव्हान तुम्हीही करा. तुमचेही दहा फोटो, त्यातला एक. रविवारी जेवताना दोघांनी आपापला फोटो ताटाशेजारी ठेवून कारण सांगायचं. महागडा कॅमेरा घेण्याची घाई नको. हे आठ आठवडे साध्या फोनवर होतात. वर्षभर छंद टिकला, तर मग बघू.

त्या आईंचं पुढे काय झालं, तेही सांगते. त्या प्रदर्शनाला आल्या. मुलाने फोन सोडला का, असं मी विचारलं, तर हसून म्हणाल्या, "कुठलं सोडतोय! गेम चालूच आहे." खोटं कशाला सांगू, आठ शनिवारांत मोबाईलचं वेड जात नाही. पण त्या पुढे म्हणाल्या, "परवा मी भाकऱ्या करत होते, तर म्हणाला, आई, जरा खिडकीकडे सरक, तोंडावर उजेड येत नाहीये. फोन हातात नव्हता हो त्याच्या, नुसताच बघत होता."

सुतळीवर त्याचा फोटो होता : परातीतलं पीठ आणि आईचा हात. खाली त्याने लिहिलं होतं, "आईचा हात भाजला आहे हे मला फोटो काढताना दिसले."

येत्या शनिवारी पुठ्ठा, कात्री आणि एक लिंबू घेऊन सुरुवात करा. तुमच्या वर्गात काय घडलं, ते जरूर कळवा.