स्वस्त एलईडी दिव्याची अंतर्गत परीक्षा

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र शासनाची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि एलईडी दिवा खेडोपाडी पोहोचला. मागणी वाढताच बाजारात अतिस्वस्त दिवेही आले. बाहेरून सर्व दिवे सारखेच दिसतात; खरा भेद आत असतो. सोलापूर हे यंत्रमागांचे शहर असून तेथील उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी हा भेद ओळखणे हा काटकसरीचा, त्याचबरोबर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

प्रथम दक्षता

दिवा होल्डरमधून काढून थंड झाल्यावरच उघडावा. आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा भार काही काळ शिल्लक राहू शकतो. स्वस्त दिव्यांतील मंडल बहुधा मुख्य पुरवठ्यापासून अलग केलेले नसते. त्यामुळे झाकण काढलेला दिवा पुन्हा पुरवठ्यास जोडू नये. हे काम जाणत्या वायरमनकडून अथवा आयटीआयच्या निदेशकाकडून करून घेणे इष्ट होय.

आत काय पाहावे?

पहिली बाब उष्णतेची. दुधी झाकण काढताच अॅल्युमिनियमच्या चकतीवर एलईडीचे पिवळसर ठिपके दिसतात. ही चकती पुरेशी जाड असून दिव्याच्या धातूच्या अंगाला घट्ट टेकलेली असावी. ती पातळ असून नुसत्या प्लॅस्टिकवर ठेवलेली असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही. अनेक दिव्यांत हे ठिपके एकसरीत जोडलेले असतात; एक निकामी झाला की संपूर्ण दिवा विझतो.

दुसरी बाब ड्रायव्हरची, म्हणजे विजेचे नियमन करणाऱ्या मंडलाची. चांगल्या दिव्यात संरक्षक फ्यूज, वेटोळे आणि १०५ अंशांची खूण असलेला कपॅसिटर आढळतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते. तिसरी बाब जोडणीची. तारा नीट डाख दिलेल्या असाव्यात. नुसत्या दाबून बसविलेल्या तारा सैल होऊन तापतात.

यंत्रमागाच्या शेडमधील धोका

आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. कपॅसिटर गाळलेल्या अथवा अपुऱ्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो. डोळ्यांना तो स्थिर भासतो. परंतु अशा प्रकाशात फिरते चाक संथ किंवा थांबलेले दिसू शकते. मागाजवळ हात नेणाऱ्या कामगारास हा दृष्टिभ्रम घातक ठरू शकतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिल्यास सरकते काळे पट्टे दिसणे ही या दोषाची ढोबळ खूण होय.

खरेदी करताना

या दिव्यांचे मानक आयएस १६१०२ असून भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपवर पडताळता येतो. ग्रामपंचायतीने वा शाळेने घाऊक खरेदीपूर्वी नमुन्याचे दोन दिवे मागवावेत. एक काही दिवस अखंड जळत ठेवावा आणि दुसरा उघडून तपासावा. हमीची मुदत लेखी घ्यावी.

केवळ कमी दराच्या आधारे घेतलेला दिवा वर्षाच्या आत विझला, तर गावचा पैसाही जातो आणि रस्ताही अंधारात राहतो. नमुन्यासाठी खर्ची पडलेला एक दिवा त्या मानाने फारच स्वस्त होय.