डोक्याची बॅटरी घेताय? आधी सेल तोलून बघा

रात्री गळ टाकून बसायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात. आमिष लावायचं, गुंता सोडवायचा, शिंगी माशाचा काटा चुकवत गळ काढायचा, हे सगळं एका हातात टॉर्च धरून होत नाही. म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी. बाजारात ती दीडशे रुपयांपासून तीन-चार हजारांपर्यंत मिळते. धामणगाव बढे, मोताळा, मलकापूर या पट्ट्यात धरणाच्या काठावर बसणाऱ्याला साधारण आठशे ते बाराशेची पुरेशी आहे. पण खिशातून जाणारी एकूण रक्कम दोन हजारांच्या आसपास असते. मधले आठशे-हजार कुठे जातात, ते दुकानदार सांगत नाही.

बॅटरीआधी परवानगीचं बघा. राज्यातल्या धरण-तलावांतली मासेमारी सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. नळगंगा असो की गावाजवळचा पाझर तलाव, ठेका कोणाकडे आहे ते विचारा, हौशी माणसाला गळ टाकू देतात का ते विचारा, पैसे घेत असतील तर पावती घ्या. संस्था सापडत नसेल तर बुलढाण्याला सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात माहिती मिळते. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांजवळ बसू नका. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला जाणार असाल तर हद्द आधी वन विभागाकडून समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा आहे. रात्री डोक्यावर प्रखर दिवा बांधलेला माणूस वनरक्षकाला मासेमार वाटत नाही, शिकारी वाटतो.

आता खोक्यावरचा मोठा आकडा, म्हणजे लुमेन, उजेडाचं माप. ‘दहा हजार लुमेन’, ‘दोन किलोमीटर झोत’ असं लिहिलेलं असेल तर ते वाचून सोडून द्या. हिशेब साधा आहे. एका चांगल्या लिथियम सेलमध्ये साधारण ११ वॉट-तास वीज मावते. तेवढ्यात १०० लुमेनचा उजेड आठ-नऊ तास मिळतो, २०० लुमेनचा चार-साडेचार तास आणि हजार लुमेनचा तासभरही नाही. एका सेलवर दहा हजार लुमेन रात्रभर देणारी बॅटरी कोणी बनवलेली नाही. तुम्हाला लागतं किती? गाठ बांधायला तीस-चाळीस लुमेन. सामान आवरायला शंभर. काठाने चालायला दोनशे. त्याहून जास्त उजेड खरं तर गैरसोयीचा, कारण तो पाण्यावर पडला की उथळातला मासा सरकतो आणि शेजारी बसलेला माणूस शिव्या देतो. दांडीच्या टोकाला छोटी घंटी लावा, म्हणजे सारखा झोत मारून बघावं लागत नाही. म्हणून लुमेन जास्तीत जास्त किती हे विचारू नका. कमीत कमी किती, आणि त्या उजेडावर किती तास चालते, हे विचारा. अनेक स्वस्त बॅटऱ्यांत मंद उजेडाची सोयच नसते, एक प्रखर आणि एक लुकलुकणारा, बस्स.

खरी फसवणूक सेलमध्ये आहे. चांगल्या हेडलॅम्पमध्ये बहुधा १८६५० नावाचा सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्याची क्षमता एमएएचमध्ये छापतात आणि आजच्या घडीला ती साधारण ३,५०० च्या वर जात नाही. तरीही बाजारात ‘९,९००’ छापलेले सेल सर्रास मिळतात. असा आकडा दिसला की सेल खोटा, पुढे विचार करायची गरज नाही. आणखी एक खूण म्हणजे वजन. खरा सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. त्याच आकाराचा सेल ३० ग्रॅमच्या आसपास भरला तर आत छोटा सेल आणि बाकी पोकळी किंवा भराव समजा. दुकानात छोटा काटा असेल तर तोलायला सांगा, नसेल तर शेजारच्या सराफाकडे एक मिनिटाचं काम आहे. दुकानदार तोलू देत नसेल तर उत्तर मिळालंच. सेलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह, आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. सेलवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळत नसेल तर घेऊ नका. सुट्या चांगल्या सेलला तीनशे ते साडेचारशे पडतात आणि असा एक जास्तीचा लागतोच. शंभर रुपयांत दोन सेल आणि वर चार्जर मिळत असेल तर त्या दोन सेलचा उपयोग खोकं भरलेलं दिसावं एवढाच.

त्यामुळे अशीच बॅटरी घ्या जिचा सेल उघडून बदलता येतो. आतच कायमचा बसवलेला सेल दीड-दोन वर्षांत दम तोडतो आणि मग अख्खी बॅटरी कचऱ्यात जाते. ट्रिपल-ए पेन्सिल सेलवर चालणारीही वाईट नाही, हलकी असते आणि तिचे सेल किराणा दुकानातही मिळतात. पण दर आठवड्याला जाणार असाल तर सेलचाच खर्च काही महिन्यांत बॅटरीच्या किमतीपुढे जातो. वर्षातून चार वेळा जाणाऱ्याने मात्र हीच घ्यावी आणि घरी आल्यावर सेल काढून ठेवावेत. विसरलात की सेल पाझरतात आणि पट्ट्या गंजतात.

आठवडी बाजारात आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात सगळ्यात जास्त खपते ती थेट भिंतीच्या प्लगमध्ये खोचायची, दोन पिना असलेली बॅटरी. दोनशे-तीनशेला मिळते. ती मी सुचवणार नाही. कारण किंमत नाही, वायरिंग आहे. यातल्या अनेकांत ट्रान्सफॉर्मर नसतो, घरातली वीज जवळजवळ थेट आत येते. चार्ज होत असताना फुटलेल्या खोळीतून किंवा सैल बटणातून शॉक बसू शकतो. घरात आधीच असेल तर एवढं पाळा: ओल्या हाताने लावू नका, चार्जिंगला असताना चालू करू नका, लहान मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवू नका. नवी घेताना यूएसबीवर चार्ज होणारीच घ्या. वीज गेली तर पॉवर बँकेवर भरता येते, मोटारसायकलला सॉकेट असेल तर वाटेतही.

यूएसबीतही एक मेख आहे. टाइप-सी तोंड असलेल्या काही स्वस्त बॅटऱ्या फक्त जुन्या चौकोनी तोंडाच्या अडॅप्टरवरच चार्ज होतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली नव्या मोबाईलची केबल लावली की काहीच होत नाही, आणि माणूस बॅटरी बिघडली समजून परत करायला जातो. दुकानातच स्वतःच्या केबलने लावून बघा. वेगळी केबल, वेगळा अडॅप्टर असं करत दोनशे-अडीचशे इथेच जातात.

पाण्याचं. खोक्यावर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. आयपीएक्स आणि पुढचा आकडा शोधा. ४ म्हणजे चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसते. ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. काठावर बसणाऱ्याला ४ पुरतं, तराफ्यावर किंवा होडीत जाणाऱ्याने ७ च घ्यावी. समोरची काच पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करायची ‘झूम’ बॅटरी दिसायला छान, पण त्याच सरकत्या फटीतून पाणी आत जातं. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का, दोन-चार वेळा उघडून बघा. सगळ्यात आधी तेच तुटतं आणि सुटं मिळत नाही.

लाल दिवा असलेली घ्या. पावसाळ्यात पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे तुटून पडतात आणि दिवा कपाळावर असल्याने ते सरळ डोळ्यांत, नाकात जातात. लाल उजेडावर ते कमी येतात. शिवाय अंधाराला सरावलेली नजर प्रखर पांढऱ्या उजेडाने जाते, ती परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. लाल उजेडात ती बऱ्यापैकी टिकते. फक्त लाल दिवा एका वेगळ्या बटणाने किंवा थेट लागतो का ते तपासा. प्रखर, मध्यम, मंद, लुकलुकणारा असं सगळं ओलांडून लाल येत असेल तर त्याचा उपयोग संपला. हात हलवला की चालू-बंद होणारा सेन्सर मात्र टाळा. तोंडाजवळ गाठ बांधताना तो दर दोन मिनिटांनी दिवा घालवतो.

वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमपर्यंत ठीक. मागे सेलचा डबा असलेली दोनशेच्या पुढे जाते, तिला डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा हवाच. पट्टा काढून धुता यायला हवा. माशाचा वास लागलेला पट्टा घरात कोणी ठेवू देत नाही.

आणि एक साधी हातातली टॉर्च जास्तीची घ्या, दीडशे-दोनशेची. काठापर्यंत चालताना तीच कामाची. डोक्यावरचा उजेड नजरेच्या रेषेत पडतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि खड्डा, दगड, साप सगळं सपाट वाटतं. कमरेच्या उंचीवरून, तिरक्या झोतात तेच उठून दिसतं. गमबूट आणि काठी यांना कोणतीही बॅटरी पर्याय नाही. सर्पदंश झाला तर १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्यालाही डोक्याची बॅटरी आणि हातातली टॉर्च हीच जोडी चालते, म्हणजे खर्च दोन कामांत वाटला जातो.

कुठून घ्यायची? मोताळा, मलकापूर किंवा बुलढाण्यातल्या दुकानातून घेतलीत तर हातात धरून बघता येते आणि परत द्यायला माणूस समोर असतो. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात, त्यावर ‘जीएसटी वेगळा’ कोणी मागू शकत नाही. पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, तक्रारीचा क्रमांक आणि बाहेरचा माल असेल तर देशाचं नाव हवं. काहीच नसेल तर वॉरंटी कोण देणार? ‘बिल कशाला, पन्नास रुपये कमी करतो’ हे ऐकून भुलू नका. बिलावर तारीख आणि मॉडेलचं नाव लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या.

ऑनलाइन स्वस्त दिसते, पण पैसे देण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन मगच तुलना करा. डिलिव्हरी, घरपोच रोखीचा आकार, प्लॅटफॉर्म शुल्क मिळून पाचशेची वस्तू सहाशेच्या वर जाते. न मागता टोपलीत टाकलेला विमा किंवा दान काढून टाका. असा प्रकार २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपला पिनकोड टाकून परत न्यायला माणूस येतो का आणि पैसे परत मिळतात की फक्त वस्तू बदलून, हे आधी वाचा. ‘सेल समाविष्ट नाही’ ही ओळ वर्णनात सगळ्यात खाली असते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा.

आल्या आल्या एक चाचणी करा. पूर्ण चार्ज करून मध्यम उजेडावर लावा आणि किती तासांनी मंदावते ते घड्याळात बघा. परतीची मुदत संपायच्या आत हे करा, पहिल्या मासेमारीची वाट बघू नका. सेल काढून बॅटरी उलटी धरून नळाखाली धरायची असेल तर खोक्यावर आयपीएक्सचा आकडा छापलेला आहे ना, ते आधी पाहा.

दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बिलाचा फोटो जवळ ठेवा. तेवढ्यानेही भागलं नाही तर बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन खरेदी असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिल्ली-मुंबईला जावं लागत नाही.

राहिला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने लिथियम सेल लवकर मरतो. सेल फुगलेला, चेपलेला किंवा वास येत असलेला दिसला तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नका, चुलीत किंवा पाण्यात टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळा ठेवा आणि नवा घेताना दुकानदाराच्या हवाली करा. जुने सेल परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे ‘आम्ही घेत नाही’ म्हटलं तर कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावा.