नुसतं सेंट्रल लॉकिंग पुरेल का?

प्रश्न : माझी २०१० सालची मारुती ८०० रात्री रस्त्यावरच उभी असते. सेंट्रल लॉकिंग बसवलं तर चोरीची भीती मिटेल का?

उत्तर : नाही. ती सोय आहे, संरक्षण नव्हे. दारातली छोटी मोटर जुन्याच लॉकची दांडी वरखाली करते. लॉक तेवढंच कच्चं राहतं. किल्ली सैल फिरत असेल, तर आधी लॉकचा पूर्ण सेट बदला. दार उघडलं तरी गाडी हलू नये, ही खरी गरज. त्यासाठी जाड पोलादी गिअर लॉक लावा; काचेतून दिसणारं हे कुलूप चोराला परतवतं. जमल्यास चोराला इंजिन सुरू करू न देणारा इमोबिलायझरही बसवा, मात्र वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्यता दिलेलं उपकरण असेल, तर विम्याच्या हप्त्यात सवलत मिळू शकते. विमा कंपनीला जरूर विचारा.